औषध संपले तरी मलेरियाच्या किटवर रेघ का राहते?

आपल्या बंधूंना गडचिरोलीहून परतल्यावर फॅल्सिपेरम या जातीच्या परजीवीचा मलेरिया झाला, तीन दिवसांच्या गोळ्या पूर्ण होऊन ताप उतरला, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी नव्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रॅपिड किट पुन्हा पॉझिटिव्ह आले. औषध लागू पडले नाही असे समजून दुसरा डोस द्यावा का, आणि सोबत केलेल्या सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) व प्लेटलेटच्या तपासण्यांवरून काही ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. ताप नसेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी सापडत नसतील, तर केवळ त्या रेघेसाठी पुन्हा औषध देण्याचे कारण नाही. अर्थात, काचपट्टी तपासल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये.

बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात परजीवीने सोडलेले एखादे प्रथिन आहे का, एवढेच किट सांगते. त्यामुळे निकाल वाचण्यापूर्वी कोणती रेघ कोणते प्रथिन पकडते, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. फॅल्सिपेरमची रेघ बहुतेक किटांत एचआरपी-२ या प्रथिनासाठी असते. हे प्रथिन मलेरियाच्या परजीवींपैकी केवळ फॅल्सिपेरम तयार करतो, भरपूर प्रमाणात तयार करतो, आणि परजीवी मेल्यानंतरही ते रक्तात साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ टिकते. पीएलडीएच हे दुसरे प्रथिन परजीवीच्या ऊर्जानिर्मितीतील एंझाइम आहे. ते जिवंत परजीवीच तयार करतो, म्हणून यशस्वी उपचारानंतर बहुधा काही दिवसांतच त्याची रेघ नाहीशी होते. आपल्या बंधूंच्या किटवर पीएलडीएचची ‘पॅन’ (सर्व जातींसाठीची) रेघ असेल आणि ती कोरी राहून फक्त एचआरपी-२ची रेघ उमटली असेल, तर तो नुकत्याच बऱ्या झालेल्या संसर्गाचा नेहमीचा नमुना आहे. परंतु रक्तातील परजीवी फार थोडे असतानाही किट असेच दिसू शकते, आणि म्हणूनच काचपट्टीचा आग्रह धरावा लागतो.

एचआरपी-२चा हा चिवटपणा उपचाराचा परिणाम पाहताना अडचणीचा ठरत असला, तरी गंभीर आजारात त्याचाच उपयोग होतो. फॅल्सिपेरमचे परजीवी आपल्या ४८ तासांच्या चक्रातील उत्तरार्धात मेंदू व इतर अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. बोटातून घेतलेल्या रक्तात ते येतच नाहीत आणि काचपट्टीवरील संख्या फसवी ठरते. प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, मोजलेले एचआरपी-२ मात्र या दडलेल्या परजीवींचाही हिशेब देते. आफ्रिकेत अनेक मुलांच्या रक्तात लक्षणांविनाही परजीवी असतात. तेथे बेशुद्धीत आणलेल्या बालकाचा आजार खरोखर मलेरियाचाच आहे की मलेरिया केवळ योगायोगाने सोबत आहे, हे ओळखण्यासाठी या मोजमापाचा अभ्यास झाला असून निष्कर्ष आशादायक आहेत. त्यासाठी प्रथिनाचे प्रमाण मोजावे लागते. आपल्याकडील किटची रेघ गडद आहे की फिकट, यावरून तीव्रतेचा अंदाज बांधू नये.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. एचआरपी-२ तयार करणारे जनुकच गमावलेले फॅल्सिपेरम परजीवी पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे इरिट्रिया, इथिओपिया व जिबूती येथे त्यांचे प्रमाण इतके वाढलेले दिसले की इरिट्रियाला आपली किटे बदलावी लागली. या जनुकलोपामुळे निगेटिव्ह येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले, तर एचआरपी-२वर विसंबणारी किटे बदलावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भारतातही असे परजीवी नोंदले गेले आहेत, पण या आफ्रिकी देशांइतकी गंभीर स्थिती येथे दिसलेली नाही. तरीही मलेरियाच्या भागातून आलेल्या माणसाला थंडी वाजून ताप येत असेल, तर एका निगेटिव्ह किटवर थांबू नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा काचपट्टी पाहावी. हे वाचून किटांना नावे ठेवण्याचे कारण नाही. जेथे सूक्ष्मदर्शक आणि तो वाचणारा माणूस कोसभर दूर असतो, तेथे आशा कार्यकर्तीच्या हातातील किटच त्याच दिवशी औषध सुरू करून देते.

सीआरपी आणि प्लेटलेटविषयी थोडक्यात सांगतो. सीआरपी मलेरियातही वाढते आणि जिवाणूंच्या संसर्गातही. प्लेटलेट मलेरियातही उतरतात, डेंग्यूतही आणि लेप्टोमध्येही. शरीराच्या प्रतिक्रियेचे हे आकडे रुग्ण किती आजारी आहे याची कल्पना देतात, कारण सांगत नाहीत. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तर हे तिन्ही आजार एकाच वॉर्डात भरती असतात. मलेरियाच्या प्रतिपिंडांची तपासणीही चालू आजाराच्या निदानाला उपयोगी नाही, कारण ती जुना संसर्गही दाखवते.

आपल्या अहवालात व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचाही उल्लेख असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. व्हायव्हॅक्सचे सुप्त परजीवी यकृतात दडतात आणि त्यांना थेट दाखवणारी कोणतीही रक्ततपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरील नमुन्यांवरून आठ प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा एक संच २०२० मध्ये मांडला गेला. गेल्या नऊ महिन्यांत संसर्ग झाला होता का, हे तो सुमारे ८० टक्के अचूकतेने ओळखतो. त्याचा उपयोग वस्तीपातळीवरील मोहिमांसाठी आहे, एका रुग्णाच्या निर्णयासाठी नाही. म्हणून व्हायव्हॅक्समध्ये जी-सिक्स-पीडी (हे एंझाइम कमी असल्यास प्रायमाक्विनने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात) तपासून, यकृतातील परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा क्रम पूर्ण करणे, हा सध्याचा प्रचलित मार्ग आहे.

बंधूंसाठी आता जाड आणि पातळ अशा दोन्ही थेंबांची काचपट्टी करून घ्यावी आणि जाड थेंबाची किमान १०० क्षेत्रे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये, अशी विनंती प्रयोगशाळेला करावी. अहवालात केवळ ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता परजीवीची जात, अवस्था आणि संख्या लिहून मागावी, कारण उपचारानंतर काही आठवडे फक्त गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) दिसत राहिले, तर तेही औषध फसल्याचे लक्षण नसते. ते डासाला संसर्ग देऊ शकतात, रुग्णाला ताप आणत नाहीत. त्यांच्यामुळे पीएलडीएचची रेघही रेंगाळू शकते. रिंग अवस्थेतील, म्हणजे रक्तपेशीत वाढू लागलेले, परजीवी दिसले किंवा ताप परत आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि पहिल्या वेळी कोणते औषध कोणत्या तारखांना घेतले ते लिहून सोबत न्यावे. नोकरीच्या ठिकाणी किटच्या निकालासोबत हा काचपट्टीचा अहवाल आणि उपचार पूर्ण झाल्याची डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी.