अद्वैत मानलं तर घरातल्या कटकटींचं काय करायचं?
अद्वैत म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच, दुसरं वेगळं काही नाही, असं मानणं. पण सगळं मिथ्या आहे म्हणून घरच्या प्रॉब्लेमकडे पाठ फिरवायची, हे अद्वैत नाहीच मुळी. शंकराचार्यांच्या परंपरेत पारमार्थिक (अंतिम सत्याची) आणि व्यावहारिक (रोजच्या जगण्याची) अशा दोन पातळ्या मानतात, त्यामुळे भाऊ दारू पिऊन तमाशा करत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं, पैसे मागितले की सरळ नाही म्हणायचं, हे सगळं करायचंच, फक्त त्या वेळी आत जो राग उसळतो, छाती आवळल्यासारखी होते ना, ते दाबू नका, नुसतं बघा, जे दिसतंय ते मी नाही, मी ते बघणारा, एवढं लक्षात ठेवून. मुंबईतले अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराजसुद्धा १९३७ मध्ये घर सोडून निघाले होते पण परत आले, पुढचं सगळं संसारात राहूनच झालं. आणि हो, घरात मारहाण होत असेल तर साक्षीभाव, म्हणजे हे नुसतं बघणं वगैरे नंतर, आधी तिथून बाहेर पडा, प्लीज.