लेखात सगळे आहेत, तू कुठे आहेस?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा 'कोर्ट' या सिनेमावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. भाषा स्वच्छ आहे आणि राग खरा आहे, हे आधी सांगते. पण एका वाक्यापाशी पेन्सिल अडली ती अडलीच. तू लिहिलं आहेस, 'माणसांना गटारात उतरवण्याविरुद्ध या देशात कायदा व्हायला हवा.' अगं, कायदा आहे. हाताने मैला उचलण्याविरुद्धचा पहिला कायदा १९९३चा. २०१३ साली त्याहून व्यापक कायदा आला, त्यात सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायलाही बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, २०२३ साली तीच रक्कम तीस लाख केली. म्हणजे भरपाई वाढली आणि मरणंही थांबली नाहीत.

ही चूक मी गुण कापायला दाखवत नाही. 'कायदा व्हायला हवा' असं लिहिलं की आपण सुटतो, चेंडू सरकारकडे जातो. कायदा असूनही माणूस खाली उतरतोच, तर त्याला उतरवतं कोण, वर उभं कोण असतं, घाण कुणाच्या घरातली असते, हे प्रश्न मग टाळता येत नाहीत. तुझा लेख तिथून सुरू व्हायला हवा होता. सिनेमातही बघ ना, गटारात मेलेल्या कामगाराच्या मरणाबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा कोण आहे? त्याला विनासाधन उतरवणारा नाही, तर म्हातारा लोकशाहीर. का, तर म्हणे त्याच्या गाण्यामुळे कामगाराने आत्महत्या केली.

आता त्या कामगाराच्या बायकोची साक्ष पुन्हा बघ. गटारात हवा आहे की नाही हे नवऱ्याला कसं कळायचं, ते ती सांगते. झुरळं बाहेर आली तर आत जीव तगतो. हे ती रडून सांगत नाही, रोजचं काम सांगावं तसं सांगते. या प्रसंगाला तू 'काळीज पिळवटून टाकणारा' म्हटलंस आणि पुढे गेलीस. त्या तीन शब्दांनी झुरळं पुसली गेली. वाचकाला झुरळं दे, काळजाचं त्याचं तो बघेल.

मला मुख्य सांगायचं आहे ते सरकारी वकील बाईंबद्दल. तू त्यांना तीन ओळींत निकालात काढलंस, 'निबर व्यवस्थेचा चेहरा' म्हणून. पण कोर्ट सुटल्यावर कॅमेरा त्यांच्यामागे जातो, हे तुझ्या लेखात नाहीच. लोकलने घरी येतात, स्वयंपाक करतात, रविवारी नवरा-मुलांबरोबर मराठी नाटकाला जातात. नाटकात मुलीने परप्रांतीय मुलगा घरी आणलेला, बाप त्याला सुनावतो आणि सभागृह डोक्यावर घेतलं जातं.

२०१५च्या उन्हाळ्यात मी हा सिनेमा थिएटरात पाहिला तेव्हा त्या नाटकातल्या एका वाक्याला मी हसले. पडद्यावरचे प्रेक्षक हसत होते, त्यांच्या जोडीने मीही. आणि मग पोटात काहीतरी गार झालं. म्हाताऱ्या शाहिराला जामीन मिळू नये म्हणून कलमं वाचणारी बाई आणि मी एकाच विनोदाला हसतो! तिची लोकल, तिचा ओटा, तिचा रविवार, सगळं माझंच होतं. घरी येऊन मी एका छोट्या नियतकालिकासाठी चार पानं लिहिली. न्यायव्यवस्था, वसाहतकालीन कायदे, दिग्दर्शकाचा संयम, सगळं त्यात होतं. ते हसणं मात्र मी लिहिलं नाही. लेखाचं कौतुक झालं. मला आजही तो लेख उघडवत नाही, कारण लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि नेमकी तीच मी खाली ठेवली.

तुझ्या लेखात न्यायाधीश आहे, पोलीस आहेत, सरकार आहे, समाज आहे. तू कुठे आहेस?

'मी' हा शब्द जागोजागी घाल, असं मी म्हणत नाही. पण कोणत्या खुर्चीवरून बघते आहेस ते तुला तरी ठाऊक हवं. 'फँड्री' सिनेमात मारलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. सगळे त्या भिंतीवरच्या महापुरुषांबद्दल लिहितात, मीही लिहिलं. तशाच भिंतीच्या आत बसून मी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं आणि बाहेरून काय वाहून नेलं जातं ते खिडकीतून कधी बघितलं नाही, हे लिहायला मला फार उशीर झाला.

पुस्तकांचंही तसंच. तू दया पवारांच्या 'बलुतं'चा दाखला दिला आहेस, पण तो मुद्द्याला टेकू म्हणून. १९७८ साली आलेल्या त्या पुस्तकात दगडू आणि दया अशी एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याची कहाणी सांगतो. शिकून पुढे गेलेल्या माणसाची अशी फाळणी का होते, यावर थांबायला हवं होतंस. ते पुस्तक सावकाश, पहिल्यापासून वाच. आणि शीर्षकाचा शब्द घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. विचार, आपल्याकडे बलुतं, म्हणजे गावकीच्या कामाबद्दलचं धान्य, द्यायचे की घ्यायचे? मी आईला विचारलं होतं. आमच्याकडे द्यायचे. आई म्हणाली, आजी धान्य वरून सोडायची, समोरच्याच्या पदराला सूप लागू नये म्हणून. ती आजी मला फार प्रेमळ म्हणून आठवते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका वाक्यात लिहिणं मला अजून जमलेलं नाही. तुला जमेल कदाचित.

सिनेमा संपल्या संपल्या लिहू नकोस, एवढी एक सवय लावून घे. दोन-तीन दिवस जाऊ देत. जे विसरलं जाईल ते बहुधा दुसऱ्या कुणाचं मत असतं. आणि नव्याबरोबर जुनंही बघत जा. प्रभातचा १९३७चा 'कुंकू' बघ, त्याला पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले आवाज, बस. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या आवाजांत नकार देत उभी राहते. कुठे रडायचं हे सांगायला व्हायोलिन नसेल तर आपण स्वतः काय ऐकतो, ते बघ.

लेख परत पाठवते आहे. समासात खुणा आहेत, फार नाहीत. दुसरा खर्डा करताना नाटकाचा तो प्रसंग आधी एकटीने बघ आणि मग घरच्यांबरोबर बसून बघ. कोण कुठे हसलं ते लिहून ठेव. तूसुद्धा.

तुझ्या बाई