एकच खडक कुठे वाकतो, कुठे तुटतो, असं का?
खडक वाकणार की तुटणार हे त्याच्या कठीणपणापेक्षा चहूबाजूंनी दाब किती आहे, तो किती तापलाय आणि ताण किती सावकाश येतोय यावर ठरतं. जमिनीलगत बाजूचा आधार कमी, त्यामुळे बारीक भेगा उघडतात, एकमेकींना मिळतात आणि खडक फुटतो. खोलवर भोवतालचा दाब त्या उघडूच देत नाही, मग स्फटिकांच्या आतले थर एकमेकांवरून सरकतात. अभियंते थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. इटलीतल्या करारा इथल्या संगमरवराचा दंडगोल नुसता दाबला की फुटायचा, पण भोवती द्रवाचा प्रचंड दाब ठेवून दाबला की अखंड राहून पिंपासारखा मध्ये फुगायचा. तेही न तापवता! मात्र संगमरवर कॅल्साइट या मऊ खनिजाचा, म्हणून लवकर नमतो. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्ज हे कठीण खनिज साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच असं वागू लागतं. आणि पाणी विसरू नका: छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढला की कणांना एकत्र धरणारा दाब घटतो आणि खोलातला खडकही तुटू शकतो.