‘मॅडम, नोकरी न सोडता इंजिनिअर होता येईल का?’

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे इतक्यांदा आला आहे, की विचारणाऱ्याचं चित्र आधीच डोळ्यांसमोर उभं राहतं. तिशीच्या आसपासचा, डिप्लोमा झालेला, कारखान्यात आठ-दहा वर्षं काढलेला माणूस. घराचा हप्ता चालू, मूल नुकतंच शाळेत जाऊ लागलेलं. फोनवरचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: ‘डिस्टन्समधून बी.ई. कुठून करू?’

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पाच-सहा महिन्यांचं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

तो भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात काम करतो. डिप्लोमा मेकॅनिकलचा, वय एकतीस. कंपनीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमची भेटही गुरुवारीच व्हायची. पहिल्या दिवशी त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. दूरस्थ पद्धतीने बी.टेक., तीन वर्षांत पूर्ण, लॅबला यायची गरज नाही, परीक्षा जवळच्या केंद्रावर. एका एजंटाला त्याने पंचवीस हजार टोकन दिलेलं होतं आणि उरलेले पैसे महिनाअखेरीला भरायचे होते.

‘फक्त एवढं सांगा, ह्यांचं चांगलं की दुसऱ्या कुणाचं?’

समुपदेशकाने लगेच उत्तर देऊ नये असं आम्हाला शिकवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण कुणी खोट्या कागदावर घरचे पैसे घालायला निघाला असेल तर त्याच्या भावनांशी बोलत बसणं मला पटत नाही. आधी खरं काय ते सांगायचं, भावना मग येतातच. मी म्हणाले, ‘उरलेले पैसे भरू नका. भारतात इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने मान्य नाही. चांगलं-वाईट ठरवायला त्यात काही उरतच नाही.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘आमच्याकडे एकाने केलंय.’

हे ‘एकाने केलंय’ प्रत्येकाजवळ असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार इंजिनिअरिंग मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येत नाही. त्याआधी, ३ नोव्हेंबर २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या लिफ्ट इरिगेशन महामंडळाच्या प्रकरणात निकाल दिला होता. काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा शिक्षणातून दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांचा तो प्रश्न होता. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, परीक्षा देऊन त्या टिकवाव्या लागल्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: प्रात्यक्षिक हा या शिक्षणाचा कणा आहे. नोकरी सांभाळून, रात्री जागून, मुलांची आजारपणं काढून ज्यांनी ते पेपर दिले होते, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. फसवणूक दुसऱ्यांनी केली आणि वर्षं मात्र ह्यांची गेली.

मग त्याने दुसरा पर्याय काढला. त्याचे एक ज्येष्ठ सहकारी एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षा, करून इंजिनिअर झाले होते. ते खरं होतं आणि ती वाट सन्मानाची होती. ही १९२० साली स्थापन झालेली कोलकात्याची संस्था, आणि तिच्या परीक्षांवर कितीतरी डिप्लोमावाल्यांनी आयुष्य उभं केलं. पण पदवीच्या समकक्ष म्हणून ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे. काकांनी केलं म्हणून पुतण्याला करता येईल असं आता नाही.

त्या दिवशी तो जाताना दारात थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे माझं संपलंच.’

पुढच्या गुरुवारी तो येईल याची मला खात्री नव्हती, पण तो आला. आठवडाभर एजंटाशी भांडून त्याने पंचवीसपैकी पंधरा हजार परत मिळवले होते. उरलेले मिळणार नव्हते. बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

या वेळी मी त्याला बोलू दिलं. तेव्हा कळलं, की त्याच्या विभागात दोन वर्षांपूर्वी बी.ई. झालेला एक मुलगा जी.ई.टी., म्हणजे पदवीधर प्रशिक्षणार्थी इंजिनिअर, म्हणून लागला होता. भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज कसा धरायचा इथपासून त्याला सगळं ह्यानेच शिकवलं. ‘आता माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागते,’ तो म्हणाला. ‘पोरगा चांगला आहे, मला दादाच म्हणतो. तेच जास्त लागतं.’

पूर्वी अशा वेळी मी एक वाक्य बोलत असे: ‘डिग्री म्हणजे सर्वस्व नाही.’ समोरच्याला धीर देते आहे असं मला वाटायचं. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की हे ऐकून माणसं गप्प होतात आणि परत येत नाहीत. ज्याच्या भिंतीवर डिग्री लावलेली आहे त्याने, जिच्यापायी एखाद्याचा पगार आणि मान अडला आहे ती गोष्ट क्षुल्लक म्हणायची नसते. त्याला डी.ई.टी., म्हणजे डिप्लोमावाला प्रशिक्षणार्थी, म्हणून घेतलं, त्याची श्रेणी ठरली आणि त्या श्रेणीला वर एक छत आहे, ही काही मनाची समजूत नव्हे. कंपनीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. म्हणून ते वाक्य आता मी बोलत नाही.

त्याऐवजी मी त्याला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न मी जपून, माणूस जरा स्थिरावला की मगच विचारते. ‘समजा, डिग्री झाली. निकाल लागला, पेढे वाटून झाले. त्यानंतरचा पहिला सोमवार. तुम्ही कंपनीत गेलात. दिवसभरात काय वेगळं घडतं? सकाळपासून सांगा.’

‘पगार वाढेल.’

‘तो महिनाअखेरीला कळेल. मी सोमवारचं विचारतेय.’

तो हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही. खाली रस्त्यावर कांदे-बटाट्यांचा गाडीवाला ओरडून निघून गेला तरी तो गप्पच होता. अशी शांतता मी मोडत नाही. माझ्या कामात हात आखडून बसणं हेच सगळ्यात अवघड असतं आणि ते जमायला मला वर्षं लागली.

‘सकाळी दहाची मीटिंग असते,’ तो म्हणाला. ‘रिजेक्शनची. मी मागे उभा असतो. त्या सोमवारी मी खुर्चीवर बसेन.’

‘आणि?’

‘आणि बोलेन. कास्टिंगला पोरोसिटी, म्हणजे बारीक छिद्रं, का येतेय ते मला माहीत आहे. माझ्या वहीत आठ महिन्यांचं सगळं लिहिलेलं आहे, कुठला लॉट, कुठली मशीन, कुठली शिफ्ट. त्या वहीवरून तो पोरगा आठ-डी रिपोर्ट करतो, दोष का आला आणि त्यावर काय केलं त्याचा. कस्टमरला जातो तो रिपोर्ट. खाली नाव त्याचं.’

‘वही कुणाची?’

‘माझी.’

‘बोलायला आत्ता कुणी मनाई केली आहे का?’

तो लगेच ‘हो’ म्हणायला गेला आणि थांबला. चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरं काहीतरी. म्हणाला, ‘कुणी नाही. खुर्ची पण असते रिकामी. मीच बसत नाही.’

अशा क्षणासाठी मी या पेशात आहे, हे मनापासून सांगते. त्याला काही ‘पटवून’ दिलेलं नव्हतं. त्याच्या एका दुःखात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या आणि त्या त्यानेच सुट्या केल्या. एक होती श्रेणीची. तिला डिग्री लागते, आणि डिग्रीला चार माणसांत मान्य असलेला कागदच लागतो. दुसरी होती त्या रिकाम्या खुर्चीची. तिला डिग्री लागत नव्हती. दोन्ही एकत्र होत्या म्हणून त्याला घाई झाली होती, आणि घाईतल्या माणसाला एजंट बरोबर शोधून काढतो. माझ्या अनुभवात फसलेली बहुतेक माणसं भोळी नव्हती. अपमानाने उतावीळ झालेली होती.

त्यानंतरच्या भेटी बऱ्याचशा व्यवहाराच्या होत्या. आमच्यातले काहीजण व्यवहाराला समुपदेशन मानत नाहीत. मी मानते.

डिप्लोमावाल्या नोकरदारासाठी आज खरी वाट आहे ती अशी. २०२३-२४ पासून एआयसीटीईने मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत बी.ई. किंवा बी.टेक. चालवायला परवानगी दिली आहे. डिप्लोमा हवा, निदान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव हवा आणि कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत हवी. प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला मिळतो. हे दूरस्थ शिक्षण नव्हे. वर्गात बसावं लागतं, लॅब करावी लागते, फक्त वेळ नोकरदाराच्या सोयीची असते. ‘अर्धवेळ’, ‘दूरस्थ’ आणि ‘नोकरदारांसाठी’ हे तीन शब्द एजंट मुद्दाम एकमेकांत मिसळतात. तुम्ही ते वेगळे ठेवा. कॉलेजचं नाव आणि तीच शाखा, तोच नोकरदारांचा वर्ग एआयसीटीईच्या त्या वर्षीच्या यादीत आहे का, ते स्वतः संकेतस्थळावर पाहा. माहितीपत्रकावरचा शिक्का पाहून समाधान मानू नका.

‘मला कागद नको, शिकायचंच आहे’ असं कुणी म्हणालं तर मी वेगळं बोलते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम घरबसल्या फुकट पाहता येतात. संगणकाकडे वळायचं असेल तर इग्नूचं बीसीए दूरस्थ पद्धतीने होतं. आयआयटी मद्रासने २०२१ मध्ये डेटा सायन्सचा आणि २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बी.एस. अभ्यासक्रम सुरू केला. या खऱ्या पदव्या आहेत, चांगल्या आहेत, पण त्या बी.ई. नाहीत. जिथे जाहिरातीत ‘बी.ई. किंवा बी.टेक.’ लिहिलेलं असतं तिथे त्या चालतीलच असं समजू नका. म्हणून मी आधी विचारते: हा कागद कुणाला दाखवायचा आहे? ज्याला दाखवायचा, त्यालाच आधी जाऊन भेटा.

तो एचआरमध्ये गेला. तीन प्रश्न मी त्याच्याकडून लिहून घेतले होते: नोकरदारांच्या वर्गातून केलेली पदवी श्रेणी बदलायला धरणार का, ना-हरकत पत्र देणार का, आणि संध्याकाळचा वर्ग असेल तर शिफ्टचं काय. पहिल्या दोन प्रश्नांना होकार मिळाला. तिसऱ्यावर साहेब म्हणाले, ‘बघू.’ तो आनंदाने सांगत आला. मी म्हणाले, ‘“बघू” वर फी भरायची नाही. ते लिहून घ्या.’

कारण शिफ्ट हीच मुख्य अडचण होती. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. सेकंडच्या आठवड्यात संध्याकाळचा वर्ग बुडणारच. अभ्यास जमेल की नाही हे माणसं हुशारीवरून ठरवतात. मी ते आठवड्याच्या तासांवरून ठरवते. गणितावरूनही थोडं ठरवते, कारण डिप्लोमानंतर दहा वर्षांनी इंटिग्रेशन समोर आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, वाट बघत असतोच.

म्हणून प्रवेशाआधी सहा आठवड्यांची तालीम ठरली. रोज दीड तास, फक्त गणित, घरी. झालं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण, नाही झालं तर चौकोन कोरा. कारण लिहायचं नाही, स्वतःला दोषही द्यायचा नाही. आणि हे सुरू करायच्या आधी बायकोला बुडालेल्या दहा हजारांसकट सगळं सांगायचं. तीन वर्षं संध्याकाळी घरात एक माणूस कमी असणार असेल, तर तो निर्णय एकट्याचा नसतो. तिने पैशांवरून दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘पोरीचा अभ्यास कोण घेणार मग?’ तो प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा नेमका होता. तिच्या भावाने दोन संध्याकाळी यायचं कबूल केलं.

सहा आठवड्यांनी तो कॅलेंडर घेऊन आला. बेचाळीस चौकोनांत सत्तावीस खुणा होत्या. फर्स्टचे आठवडे भरलेले, नाईटचे अर्धेमुर्धे, सेकंडचे जवळजवळ कोरे.

‘सत्तावीस पुरेत का, मॅडम?’

‘तुम्हाला काय दिसतंय?’

तो बराच वेळ कॅलेंडर बघत होता. ‘मला जमतं,’ तो म्हणाला. ‘शिफ्टला जमत नाही. सेकंड काढून टाकली तर हे सगळं भरेल.’ मग बॅगेतून एचआरला दिलेल्या अर्जाची प्रत काढली: प्रवेश मिळाल्यास कायम फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट मिळावी. पोच म्हणून त्यावर शिक्का होता, उत्तर अजून आलेलं नव्हतं. ‘उत्तर नाही आलं तर या वर्षी फॉर्म भरत नाही. पुढच्या वर्षी भरेन. तोवर एम-थ्री तरी होईल.’ चार महिन्यांपूर्वी महिनाअखेरीला पैसे भरायला निघालेला हाच माणूस होता.

खुर्चीचं मी विचारलं नव्हतं. निघताना त्यानेच सांगितलं. दोन सोमवार तो बसला होता. पहिल्यांदा काही बोलला नाही. दुसऱ्यांदा वही उघडून लॉट नंबर वाचून दाखवले. गेल्या आठवड्यातल्या आठ-डी रिपोर्टवर दोन नावं होती, आणि दुसरं नाव त्या पोराने न सांगता घातलं होतं.

‘पुढच्या गुरुवारी मी येणार नाही,’ तो म्हणाला. ‘कॉलेज बघायला जातोय. किती लांब पडतं ते बाइकवर वेळ लावून बघतो, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. पोरगी पण येते म्हणतेय. तिला लॅब बघायचीय.’