युद्धसामग्रीच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अभ्यास : कोठून सुरुवात करावी?
खरेदीच्या किमतीपासून सुरुवात करू नका. लढाऊ विमान किंवा रणगाडा अनेकदा तीस-चाळीस वर्षे सेवेत राहतो आणि त्याच्या एकूण खर्चाचा मोठा भाग वापर व देखभालीवर होतो, जो बहुतांशी आराखड्याच्या टप्प्यावरच ठरून जातो.

प्रथम उपलब्धता, म्हणजे यंत्र गरजेच्या वेळी वापरण्यास तयार असण्याचे प्रमाण, समजून घ्या : बिघाड किती काळाने होतो, दुरुस्तीला किती वेळ लागतो आणि सुटा भाग येईपर्यंत यंत्र किती दिवस उभे राहते. या तिसऱ्या प्रश्नाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात.

देखभाल म्हणजे केवळ सुटे भाग, हा दुसरा गैरसमज. तांत्रिक पुस्तिका, चाचणी उपकरणे, प्रशिक्षण आणि तांत्रिक माहितीवरील हक्क मूळ करारातच मागावेत. नंतर ते फार महाग पडतात. विश्वासार्हतेचे गणित, म्हणजे बिघाडाची शक्यता आकड्यांत मोजण्याची पद्धत, तूर्त बाजूला ठेवलेत तरी चालेल.