वासोटा किल्ल्याच्या (जि. सातारा) पायथ्याला पूर्वी गाव होतं का? आता तिथे कोणीच का राहत नाही?

हो, होतं, मेट इंदवली नावाचं, पण आता तिथे वस्ती नाही, फक्त वनखात्याची चौकी आहे. कारणं दोन. 1960 च्या दशकात कोयना धरणाचं पाणी (शिवसागर जलाशय) खोऱ्यात भरलं, नदीकाठची शेतं आणि जुन्या वाटा बुडाल्या, त्यामुळे पलीकडच्या काठाला बोटीशिवाय जाणंच अवघड झालं, मग 1985 ला कोयना अभयारण्य झालं आणि 2010 पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून आतली गावं उठली. आम्ही जावळीतलेच, त्यामुळे हे घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय आणि बघितलंयही. झाडीत शिरताना ओढ्याजवळ उघड्यावर मारुती आणि गणपती आहेत, तिथे जरूर थांबा, माणसं राहत होती त्याची खूण तीच. तशी ही जागा आधीपासूनच आडवळणाची, म्हणून तर किल्ल्याचा वापर तुरुंग म्हणून व्हायचा, 1818 ला इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्यांचे दोन अधिकारी वर कैदेत होते.

फक्त अख्खं खोरं ओसाड समजू नका, बामणोली, तापोळ्याला चांगली वस्ती आहे आणि बोटी तिथूनच सुटतात. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही, पावसाळ्यात बंद असतं.