पाचव्या पोराच्या ट्रेनिंगचे पैसे कोणाचे?

डिचोलीहून एका वाचकाने विचारलं आहे: हॉटेलातली नोकरी सोडली, हाती 22 लाख आहेत. म्हापशाहून कळंगुटला जाणाऱ्या रस्त्यावर एका कॉफी साखळीची फ्रँचायझी घ्यायची आहे. फ्रँचायझी फी 5 लाख धरून दुकान उभं करायला 18 लाख लागतील, 4 उरतील. स्टाफ सहा जणांचा, त्यातले चौघे कॉफी आणि काउंटरवरचे. या चौघांना कंपनी पुण्यात 15 दिवस मोफत शिकवणार. प्रवास, राहणं, जेवण आणि त्या दिवसांचा पगार माझा. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसामागे मात्र 18,000 रुपये अधिक जीएसटी. हा खर्च कंपनीने करायला नको का? की सही करून पोरांकडून, मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे, असा बाँड लिहून घेऊ?

भाऊ, पहिल्या बॅचवर कंपनीशी वाद घालू नका. चौघांचं जाणं-येणं 10,000, माणशी रोजचे 1,200 धरून राहणं-जेवण 72,000, अर्ध्या महिन्याचा पगार 36,000. झाले 1 लाख 18 हजार. पगारपत्रकावर ही पोरं तुमची, त्यांच्या हातच्या कॉफीचा नफाही तुमचा. कंपनी यात पडणार नाही. पडलीच तर ती रक्कम रॉयल्टीत, म्हणजे विक्रीतून दरमहा घेते त्या टक्क्यांत, मिसळून वसूल करील. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे हा खर्च कोणाचा ते करारच ठरवतो.

तुमचा पैसा जाणार आहे तो पाचव्या माणसापासून पुढे. 18,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 21,240. त्यात प्रवासाचे 2,500, पुण्यातले 18,000 आणि पंधरा दिवसांचा पगार 9,000 मिळवा: 50,740. एका माणसाचे! तुमच्यासारखं दुकान गिऱ्हाइकाला 5 टक्के जीएसटी लावतं, आणि 2017 पासून त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे हा 18 टक्के कर परत यायचा नाही, सरळ खर्चात धरायचा. रॉयल्टीवरच्या करालाही हेच लागू. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यात तो कुठेच दिसला नाही. महिन्याची विक्री तुम्ही 5 लाख धरली आहे, तर 6 टक्के रॉयल्टी 30,000 आणि वर 5,400 कर.

वर्षाला माणसं किती बदलतील? तुम्ही हॉटेलात होता, तुम्हाला मी काय सांगावं. कोणी सीझन संपला की गावी जातो, कोणी बोटीवर, कोणाला शेजारच्या शॅकवाला दोन हजार जास्त देतो. माझ्या ओळखीच्या एका फ्रँचायझीदाराच्या दुकानात भिंतीवर फ्रेम आहे: पहिली बॅच, चार हसरे चेहरे, हातात सर्टिफिकेट. परवा मी गेलो तेव्हा त्या चौघांतलं काउंटरवर कोणीच नव्हतं. दूध तापवणारी मुलगी तीन आठवड्यांपूर्वी लागलेली. मशीनच्या मागे टेपने चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बघत होती, 'दुधाचा जग हाताला चटका द्यायला लागला की वाफ बंद'. ही चिठ्ठी आधीच्या पोराने लिहून ठेवलेली. कॉफी चांगली होती.

तुमच्याकडे वर्षाला तिघेच बदलले असं धरू. 1 लाख 52 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 12,700, विक्रीच्या अडीच टक्के. म्हणजे सहा टक्के म्हणून सही करताय ती रॉयल्टी साडेआठला पडते. पाच वर्षांच्या करारात हा आकडा साडेसात लाखांच्या वर जातो, आणि फ्रँचायझी फी 5 लाख आहे. नाकापेक्षा मोती जड.

म्हणून कंपनीकडे 'तुम्ही पैसे द्या' असं मागू नका. नव्या माणसाला पुण्याला न पाठवता दुकानातच शिकवायची मुभा मागा. पहिल्या बॅचमध्ये तुम्ही स्वतः बसा; चौघांत एक तुम्ही, एक मॅनेजर. दोघांना 'ट्रेनर' म्हणून मान्यता द्या म्हणावं, परीक्षा कंपनीने व्हिडिओवर घ्यावी आणि तिची माफक फी लावावी. शिवाय मेनू, मशीन किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर कंपनीने आपणहून बदललं, तर त्याचं ट्रेनिंग कंपनीच्या खर्चाने. आणि 18,000 चा आकडा करारभर किती वाढू शकतो ते लिहून हवं. 'कंपनीच्या प्रचलित दराने' असे शब्द असतील तर खोडायला लावा. अन्नसुरक्षेचं फोस्टॅक प्रशिक्षण मात्र कंपनीच्या गळ्यात घालू नका, परवाना तुमचा आहे. ते पोराच्या नावावर न करता स्वतः करा. तुम्ही काही बोटीवर जाणार नाही.

आता बाँड. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध धरली, हे खरं. पण ते बँकेतल्या अधिकाऱ्याचं प्रकरण. 18,000 पगाराच्या पोराकडून 50,000 वसूल करायला वकील लावलात तर वकिलाची फीच जास्त होईल. पगारातूनही कापता येणार नाही. काय कापता येतं याची यादी कायद्यात ठरलेली आहे आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यात नाही. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवण्याचा विचार तर मनातूनच काढा. त्याऐवजी दरमहा 500 बाजूला टाका आणि वर्ष पुरं करणाऱ्याला चवथीच्या आधी 6,000 हातात द्या. चौघांचे वर्षाचे 24,000 होतात. एक माणूस जरी थांबला तरी तुमचे 50,000 वाचले.

उरलेल्या 4 लाखांचं बघा. सहा जणांचा पगार महिन्याला 1 लाख 2 हजार. त्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर विक्री उतरणार, ते चार महिने या पैशांवरच काढायचे आहेत. पहिल्या बॅचचे 1 लाख 18 हजार यातून गेले की तीन महिन्यांचेही पगार उरत नाहीत. म्हणून बॅचचा खर्च 18 लाखांत बसवा, फर्निचर थोडं कमी करा. दुकान ऑक्टोबरच्या आत सुरू होत नसेल तर वर्षभर थांबलात तरी चालेल. ट्रेनरची अट कंपनीने ईमेलवर मान्य केल्याशिवाय टोकन भरू नका. नाहीच म्हणाली तर याच अटींवर मी सही करणार नाही, तुम्हीही करू नका.